विचारायची जागा

एका शहरात साबणाची एक बडी कंपनी होती आणि नदीपलीकडे तेलाची एक जुनी गिरणी. दोघी एकाच मालकीखाली आल्या; कागदोपत्री लग्न लागलं, पण वऱ्हाडी मंडळी, म्हणजे दोन्हीकडचे कामगार, एकमेकांशी बोलेनात. तेव्हा मोठ्या साहेबांनी हेमांगीला बोलावलं. ती साबणवाल्यांकडची, हुशार आणि जरा तोऱ्यातलीच.

"सगळ्या कामगारांसाठी एक आतली वेबसाइट कर," साहेब म्हणाले. "जमलं तर हे काम बघणारं नवं खातं काढू, त्याची प्रमुख तूच."

हेमांगीने जिवाचं रान करून इंट्रानेट उभं केलं. वर साहेबांचा हसरा फोटो, खाली सूचनाच सूचना. साबणवाल्यांनी वाहवा केली. त्यांच्याकडे रीतच होती, वरून सूचना यायची आणि खालच्यांनी मान डोलवायची. गिरणीवाले मात्र साइट उघडत आणि मुकाट्याने बंद करत. तेवढ्यात गिरणी बंद पडणार अशी आवई उठली. माणसं दुसरीकडे नोकऱ्या शोधू लागली. 'गिरणी चालूच राहील' अशी सूचना हेमांगीने ठळक अक्षरांत टाकली, तरी कुणाचा विश्वास बसेना.

ती तणतणत गिरणीत गेली. चहाची वेळ होती. तिथे चहाला मुकादम बातमी सांगायचा आणि ज्याला शंका असेल तो तिथेच उठून विचारायचा.

"सूचना वाचली नाही का तुम्ही?" हेमांगीने विचारलं.

"वाचली की, ताई," फडतरे मुकादम म्हणाले. "पन उलटं इचारायचं कुटं?"

एवढं सगळं बांधलं आणि लोकांना तोंड उघडायला जागाच ठेवली नाही, याची हेमांगीला मनापासून लाज वाटली.

परत येऊन तिने साहेबांचा फोटो खाली सरकवला आणि त्या जागी प्रश्नांची चौकट टाकली. पहिलाच प्रश्न फडतऱ्यांचा आला, तोही नावानिशी: 'गिरणी चालू राहणार, तर शेंगदाण्याची खरेदी का थांबवली?'

"पुसून टाक," शेजारचे सहकारी कुजबुजले. "बढती तोंडावर आलीय."

पण हेमांगीने प्रश्न तसाच ठेवला आणि साहेबांना दाखवला. साहेब लालबुंद झाले.

"हे सगळ्यांना दिसतंय?"

"हो साहेब. तुम्ही उत्तर दिलंत तर तेही सगळ्यांना दिसेल."

साहेबांनी प्रश्न पुन्हा वाचला आणि कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी स्वतः लिहिलं: 'गोदामाचं छप्पर गळतंय, म्हणून खरेदी थांबवली. दुरुस्ती झाली की सुरू करू. आधीच सांगायला हवं होतं. चुकलं.'

गिरणीतली माणसं टिकली. हेमांगीची बढतीही झाली. पण तिला खरा आनंद झाला तो पुढे एका संध्याकाळी. साबणाकडच्या एका कामगाराने आयुष्यात पहिल्यांदाच प्रश्न टाकला होता: 'साबणाला खवट वास येतोय. कुणाला काही कळतं का?'

साहेबांच्या आधी गिरणीतून उत्तर आलं: 'खवट वास म्हणजे तेल बिघडलं असणार, ते आम्हाला कळतं. सकाळी पूल ओलांडून येतो. मिळून बघू.'

तात्पर्य: अडचणीच्या प्रश्नालाही जागा द्यावी आणि खरं उत्तर द्यावं, परकी माणसं त्यानेच आपली होतात.