सावधान म्हटलं की क्लच सोड

पाथरवाडी नावाच्या गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की 'जरा थांब' म्हटलं तर जराच थांबायचा, अन् नुसतं 'थांब' म्हटलं तर संध्याकाळी आईला शोधत यावं लागायचं. हसू नका. असा एक तुमच्याही घरात आहे. दिसत नसेल तर आरशात बघा.

पाथरवाडीत माती कमी, दगड जास्त. म्हणून तिथल्या जत्रेत कुस्त्या नसत, खडकस्वारी असे. शहरातले लोक तिला ट्रायल म्हणतात. मोटारसायकल घ्यायची अन् ओढ्यातून, खडकांवरून, म्हसोबाच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत न्यायची. पळवायची नाही, गोगलगायीसारखी न्यायची. मधे पाय जमिनीला लागला की पंच एक ठपका लिहिणार. ज्याचे ठपके कमी, तो जिंकला.

या विद्येतला उस्ताद म्हणजे भिवा फिटर. त्याची लेक केशर. गेनूला केशर पसंत होती. केशरलाही गेनू चालत होता. ती म्हणे, "दिवसभर हसायची सोय होते."

भिवा म्हणाला, "गेन्या, जत्रेत एकही ठपका न घेता माथा गाठ, पोरगी तुझी. एक जरी पडला तरी दुसरीकडं देईन."

"कुणाकडं?" गेनूनं विचारलं.

"ते तू कशाला विचारतोस?"

"हार घेऊन यायला."

भिवानं कपाळाला हात लावला अन् आपली एक जुनी गाडी त्याच्या हवाली केली. "आधी ही तुझ्या मापाची करून घे. अंगाबरोबर बसली पाहिजे."

मापाची म्हटल्यावर गेनू गाडी घेऊन थेट शिंप्याकडं गेला. शिंपीही पाथरवाडीचाच. त्यानं टेप लावला अन् विचारलं, "कॉलर ठेवू का?" दुसऱ्या दिवशी गाडी सदरा घालून आली. हँडलाला दोन बाह्या, टाकीवर खिसा.

"अरे येड्या," भिवा ओरडला, "मापाची म्हणजे पाना घेऊन! हँडल वर घ्यायचं, लिव्हर बोटाखाली आणायची. अन् जिथं काही ढिलं दिसेल, तिथं पाना लावून पिळायचं."

"एवढंच ना," गेनू म्हणाला.

घरी आला तर म्हातारा आजा गाल धरून बसलेला. "गेन्या, दात ढिला झालाय रे."

पुढचं मी सांगत नाही. आजा आता भाकरी दुधात कुस्करून खातो.

भिवानं ऐकलं अन् पाना काढून घेतला. म्हणाला, "आता फक्त टायराचं काम कर. हवा कमी कर. टायर मऊ असलं की दगडाला धरून बसतं. ध्यानात ठेव, दगडाचं काम म्हटलं की हवा कमी."

गेनूनं हवा बरोबर कमी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम बरोबर झालं, अन् तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी सरपंच ट्रॅक्टरवर बसून म्हणाले, "चल रे गेन्या, ट्रॉलीभर दगड आणू."

दगडाचं काम! सरपंच तंबाखू मळेपर्यंत गेनूनं ट्रॅक्टरच्या चारही अन् ट्रॉलीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. ट्रॅक्टर म्हशीसारखा खाली बसला.

सरपंच खवळले. "हवा सोडायचीच होती तर तुझ्या डोक्यातली सोडायचीस!"

गेनू भिवाकडं गेला. "उस्ताद, डोक्याला व्हॉल्व कुठं असतो?"

"तुझ्या डोक्याला नसतो," भिवा म्हणाला. "तुझं पंक्चरच आहे."

मग स्वारीचे धडे सुरू झाले. भिवानं चार गोष्टी सांगितल्या अन् चारचार वेळा घोकून घेतल्या. गाडीवर बसायचं नाही, उभं राहायचं. एकदा गाडीवर चढलं की शिट्टी वाजेपर्यंत पाय टेकायचा नाही. पंच 'सावधान' म्हणाला की क्लच सोडायचा. मग समोर येईल त्याच्यावरून जायचं, थेट माथ्यापर्यंत.

"समोर काहीही आलं तरी?"

"काहीही."

जत्रेच्या दिवशी सात गडी आले. एकाला ओढ्यात ठपका पडला, एकाला खडकावर. एकाला मुंगी चावली, त्यानं दोन्ही पाय टेकले अन् वर नाचून घेतलं.

गेनूची पाळी आली. पंच म्हणाला, "सावधान!" गेनूनं क्लच सोडला. ओढ्यात म्हैस डुंबत होती. समोर येईल त्याच्यावरून! गाडी म्हशीच्या पाठीवरून हळूच पलीकडं गेली. म्हशीनं कान हलवला, बाकी तक्रार केली नाही. पंचानं नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. चाकाखाली म्हैस नको, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

गेनू माथ्यावर पोचला. शिट्टी वाजली. ठपके शून्य!

सरपंचांनी राग गिळून त्याच्या गळ्यात हार घातला. गेनू खांबासारखा उभा. भिवा दातओठ खात कुजबुजला, "अरे, जो हार घालतो त्याच्या पाया पडावं. म्हणावं, तुम्ही मला वडिलांसारखे."

गेनू पाया पडला. तसं म्हणाला. सरपंचांचे डोळे भरून आले. ट्रॅक्टरसुद्धा विसरले.

लग्नाची तारीख निघाली. मांडव टेकडीच्या पायथ्याशीच पडला. नवरदेव घोड्यावरून येतात, गेनू गाडीवरून आला. उभा राहून, मुंडावळ्या उडवत. मांडवाच्या दारात आई म्हणाली, "उतर रे बाळा."

"शिट्टी कुठं वाजली?"

भिवाला घाम फुटला. पाव्हणे बघत होते. तो म्हणाला, "राहू दे तसंच. पाच मिनिटांचं काम आहे. निदान इंजिन तरी बंद कर."

"बंद केलं की माझा तोल जातो, उस्ताद."

नवरदेव गाडीसकट पाटावर घेतला. पुढच्या चाकाखाली एक पाट, मागच्या चाकाखाली एक. अंतरपाट धरला. पलीकडं केशर हार घेऊन उभी, हसू दाबून लाल झालेली. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं अन् सूर लावून शेवटाला आले, "शुभमंगल सावधाऽन!"

गेनूनं क्लच सोडला.

सावधान ऐकून बोहल्यावरून पळालेले नवरदेव आपल्याकडं ऐकिवात आहेत. पण ते पायी पळाले. हा अंतरपाट हँडलाला गुंडाळून, केशरला वळसा घालून, अक्षतांच्या परातीवरून, बुंदीच्या पातेल्यावरून, गुडघ्यावर बसलेल्या शिंप्याच्या डोक्यावरून टेकडीला लागला. मांडव कोसळला. मांडवाखालून भटजी ओरडत होते, "अरे, सावधान तुला नव्हतं, तिला होतं!"

माथ्यावर गेनू गाडी तोलून उभा. वऱ्हाड धापा टाकत वर आलं. केशर सगळ्यात पुढं, शालू खोचून, हार हातात.

"अहो, उतरा."

"शिट्टी नाही वाजली."

केशर फिटरची लेक. तिनं दोन बोटं तोंडात घातली अन् अशी शिट्टी मारली, की खाली ओढ्यातली म्हैस उठून उभी राहिली. गेनू उतरला. भिवानं आधी चावी काढून खिशात टाकली. भटजींनी उरलेली सात मंगलाष्टकं तिथंच, खडकावर बसून म्हटली, अन् दरवेळी 'सावधान' हळूच, तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

पार पडलं सगळं. गावानं टाळ्या वाजवल्या. केशरनं लाजत लाजत गेनूच्या गळ्यात हार घातला.

भिवानं डोळे पुसले. म्हणाला, "सुटलो बाबा!"

तेवढ्यात गेनूला धडा आठवला. तो वाकला, सगळ्या वऱ्हाडासमोर केशरच्या पायांवर डोकं ठेवलं, अन् हात जोडून म्हणाला,

"तुम्ही मला वडिलांसारख्या!"