मोटर चोरल्याची कबुली

हे बाहेर सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. माझे बाबा इथले फौजदार. शाळेच्या विहिरीवरची मोटर चोरल्याचं केरबा लोहाराने कबूल केलं, म्हणून बाबांनी त्याला पटांगणात सगळ्या गावासमोर उभं केलं.

“मोटर कुठे लपवलीस ते सांग,” बाबा दरडावून म्हणाले.

केरबाने हात जोडले. “साहेब, चोरी मी केली हे तुम्हीच सांगितलंत, मी कबूल केलं. आता मोटर कुठे आहे तेही तुम्हीच सांगा, तेही कबूल करतो.”

सगळे हसले. बाबांना त्याला सोडावंच लागलं. त्याची जोडलेली बोटं सुजली होती. मी मान खाली घातली.

घरी बाबा म्हणाले, “लोकांचा पोलिसांवर विश्वासच उरला नाही.” मला विचारायचंय, बाबा, त्याच्या बोटांना तुम्हीच... आले बाबा, पाणी आणते