जोखधोंडा आणि जवाची

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा डोंगरांना नावं नव्हती, माणसं कड्याच्या खुणेवरून पत्ता सांगत. लहानांसाठी सांगतो आहे, पण मोठ्यांनी उठून जाऊ नये. गोष्ट खरं तर त्यांचीच आहे.

एका उभ्या कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची पोळी लोंबत. गावाला मीठ, कापड, लोखंड जे काही मिळे ते त्या मधाच्या बदल्यात मिळे. मध काढणारा दोराला बांधून घेऊन खाली उतरे. दोर वर अंजनाच्या झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन हाताने सोडायचा आणि हातानेच ओढायचा.

आता तो दोर धरायचा कोणी? भावाने नाही, मित्राने नाही. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. भावाभावांत वाटणीचा वाद असतो, मित्रांत हेवा असतो, पण बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे तो दोर कशाला सोडेल? असा त्या गावाचा हिशेब होता, आणि मला तरी तो शहाणपणाचा वाटतो.

खाली उतरणारा उतरताना गाणं म्हणे, वरचा मेहुणा झील धरी, म्हणजे मागोमाग तीच ओळ ओढून म्हणे. गाणं ऐकू आलं की वरच्याला कळे, खाली ठीक आहे. झील ऐकू आली की खालच्याला कळे, वर ठीक आहे.

आणखी एक रीत होती. गावाच्या मधोमध एका आडव्या खोडाची मोठी तागडी टांगलेली होती. तिच्या एका अंगाला वाडवडिलांनी बांधलेला एक धोंडा, दुसऱ्या अंगाला बसायची फळी. दोर धरणाऱ्या हातांना जितका भार पेलतो तितकाच तो धोंडा. त्याला जोखधोंडा म्हणत. वैशाखातल्या पौर्णिमेला मध काढणाऱ्याने फळीवर बसायचं. फळी वर गेली तर तो कड्यावर उतरणार. फळी खाली टेकली तर त्या वर्षी त्याने घरी बसायचं. पौर्णिमेला एकदा जोखलं की जोखलं, पुन्हा कोणी जोखत नसे. आणि उतरायचं ते अवसेला, कारण चांदण्याच्या पंधरवड्यात माश्या दिवसासुद्धा चवताळलेल्या असतात अशी त्यांची समजूत होती.

या गावात डोमा नावाचा मध काढणारा होता. त्याच्यासारखा उतरणारा दुसरा नव्हता. मोठ्या कपारीतली पोळी त्या एकट्यालाच साधत. त्याची बायको रुपी, आणि तिचा धाकटा भाऊ जान्या. जान्याने दोर धरावा, डोमाने उतरावं आणि गावाने मध खावा, असं कैक वर्षं चाललं होतं.

डोमाला एकच आवड होती. गावात भागी नावाची एक म्हातारी जव भिजवून, मोड आणून, भरडून, शिजवून मडक्यात आंबवायची. वर पांढराशुभ्र फेस यायचा. तिला गाव 'जवाची' म्हणे, तुम्ही बिअर म्हणा. डोमा काही झिंगून पडणारा गडी नव्हता. दिवस कलला की भागीच्या ओसरीवर बसायचं, फेसाला फुंकर मारायची, चार जणांची टिंगल करायची, आपली करून घ्यायची, आणि हसत घरी यायचं. यात वाईट काय? काहीच नाही. मी तिथे असतो तर त्याच्या शेजारीच बसलो असतो.

पण पोट मोठं लबाड असतं. ते येताना सांगून येत नाही. एका वैशाखात फळी कशीबशी वर गेली, आणि मध काढून झाल्यावर जान्या हात चोळत म्हणाला, "दाजी, रागावू नका. औंदा दोर लई जड लागला."

डोमाला ते लागलं. फळी पुढच्या वर्षी टेकली तर? मोठ्या कपारीतला मध तसाच राहील, गाव मिठाला महाग होईल, आणि लोक म्हणतील डोमा खाऊन खाऊन बसला. त्याने मनाशी ठरवलं की पुढच्या पौर्णिमेपर्यंत अंग उतरवायचं.

आणि गडी खरंच लागला कामाला. भाकरी अर्ध्यावर आणली. गूळ बंद. सणाच्या दिवशी सगळं गाव मटणावर तुटून पडलं तेव्हा हा कांदा चावत बसला. पहाटे डोंगर चढायचा, रुपीच्या हातची घागर घेऊन स्वतः पाणी भरायचा. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं.

फक्त संध्याकाळची जवाची तेवढी सुटली नाही. उलट, "दिवसभर एवढं सोसलं, आता घोटभर तरी हवीच," असं म्हणून तो बसे. पोट रिकामं असे, म्हणून एक वाडगा जास्तच जाई.

भागी एकदा म्हणाली, "डोमा, भाकरी सोडलीस म्हणं?"

"सोडली म्हातारे. निम्म्यावर आलो."

"आणि ही?"

"ही काय खायची वस्तू हाये? पाणीच की." डोमाने वाडग्यावर फुंकर मारली, फेस उडून भिंतीला लागला. "बघ. फुकरीनं उडतं त्याला वजन कसलं?"

सगळे हसले. भागीही हसली, पण म्हणाली, "पाणी झऱ्याचं हाये बाबा, बाकीचं समदं शेतातलं हाये." डोमाने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

महिने गेले. अंग काही उतरेना. भुकेने डोमा चिडखोर मात्र झाला. एके दिवशी रुपीने ताटात चतकोर भाकरी जास्त वाढली, तर त्याने ताट सरकवलं. "मला मारायचं हाये का तुला? दिसत न्हाई का, मी किती सोसतोय?"

रुपी शांतपणे म्हणाली, "दिसतंय की. भाकरीवर राग आणि मडक्यावर माया, ते बी दिसतंय."

त्या रात्री ती जेवली नाही. डोमाला वाईट वाटलं, पण तिचं खरं आहे असं काही वाटलं नाही. माणसाला आपण काय सोडलं ते चांगलं लक्षात राहतं, काय धरून ठेवलं ते विसरायला होतं.

पौर्णिमा तोंडावर आली. एका दुपारी कोणी नाही असं बघून डोमा गुपचूप फळीवर बसला. फळी जमिनीला टेकली ती टेकलीच. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. मग त्याने शेवटचा उपाय केला. उरलेले दिवस अन्न बंद, जवाची बंद, पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं. उन्हात बसून घाम गाळला. डोळे खोल गेले, ओठ फुटले.

पौर्णिमेला सगळ्या गावासमोर तो फळीवर बसला. खोड करकरलं. फळी डुगडुगली, आणि बोटभर वर गेली.

ढोल वाजला. जान्याने दाजीला मिठीच मारली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या घरून बोलावणं. "डोमा, आता तरी घे." डोमाने घेतली. वर्षभराचा उपाशी माणूस, त्यात जिंकलेला. भाकरी आली, मटण आलं, आणि रोज संध्याकाळी भागीच्या ओसरीवर वाडग्यामागून वाडगे आले.

रुपी म्हणाली, "एकदा पुन्हा फळीवर बसा ना. माझ्यासाठी."

"एकदा जोखलं की जोखलं," डोमा म्हणाला. "वाडवडिलांची रीत मोडू का?"

आपल्या सोयीची असली की रीत माणसाला फार पवित्र वाटते.

अवस उजाडली. सकाळच्या उन्हात डोमाने दोर कमरेला बांधला, मधाचं मडकं पाठीला अडकवलं, आणि कड्याच्या कडेवरून पाय खाली सोडला. पहिल्याच हिसक्याला जान्याच्या खांद्यांना कळलं. त्याने हाक दिली, "दाजी, वर या! दोर जड हाये!"

डोमाने ऐकलं. सगळं गाव बघत होतं. वर यायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. त्याने ऐकलं नाही असं दाखवून गाणं वरच्या पट्टीत सुरू केलं. जान्या काय करणार? त्याने झील धरली आणि दोर सोडत गेला.

मोठ्या कपारीत त्या वर्षी मध उतू चालला होता. धूर देऊन डोमाने पोळी कापली, मडकं काठोकाठ भरलं आणि गात गात दोराला हिसका दिला. दोर वर जाऊ लागला. थोडा गेला, थांबला. पुन्हा थोडा गेला. मग एकदम हातभर खाली घसरला.

डोमाने गाण्याची ओळ म्हटली. वरून झील आली नाही.

त्याने पुन्हा म्हटली. झील नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. झील धरायलासुद्धा श्वास लागतो, आणि जान्याने सगळा श्वास दातांत आवळून धरला होता, हे डोमाला त्या शांततेत कळलं. भार कमी करायला हवा होता, लगेच. त्याने पाठीवरचा पट्टा कापला. वर्षाचा सगळ्यात चांगला मध दरीत गेला. कोयता टाकला, पागोटं टाकलं. टाकण्यासारखं होतं ते सगळं टाकलं, पण खरा भार त्याच्या पोटावर होता आणि तो कापून टाकता येत नव्हता.

मग तो खडकाच्या फटींत बोटं घालून, गुडघे सोलून घेत, जमेल तितका आपला भार आपणच उचलत वर आला.

वर जान्या बुंध्याला पाय लावून आडवा पडला होता. दोर त्याने हातांना गुंडाळून घेतला होता, आणि दोर लाल झाला होता. डोमा वर आला तरी त्याच्या मुठी उघडेनात. रुपीने एकेक बोट सोडवलं.

डोमा रडत म्हणाला, "अरे, सोडायचा व्हतास!"

जान्या पुटपुटला, "मग बहिणीला तोंड कसं दावलं असतं, दाजी?"

जान्याचा जीव वाचला, पण हाताच्या शिरा गेल्या. त्याची मूठ पुन्हा कधी वळली नाही.

डोमा त्या दिवशी भागीच्या ओसरीवर गेला, प्यायला नाही. खाली मान घालून बसला. भागीने जवाचं पीठ घेतलं, डोमाच्या एका संध्याकाळच्या मडक्यात जितकं धान्य जाई तितकंच. ते मळलं आणि एकेक भाकरी थापून त्याच्यापुढे ठेवत गेली. ओळ चुलीपासून निघाली आणि उंबऱ्याला लागली.

"ही तुझी रोजची फुकर," ती म्हणाली.

डोमाने ती ओळ उंबऱ्यापर्यंत मोजली. मग म्हणाला, "आजपासून थेंब बी न्हाई घेणार."

"रागानं सोडशील तर राग गेला की पुन्हा धरशील. मी घेऊ नको म्हणत न्हाई. घेशील त्या दिशी ताटातली भाकरी काढून ठेव. आणि घेतली ती घेतली म्हण. मला सांगू नको, गावाला सांगू नको. स्वतःला सांग."

डोमाने तसं केलं. रोज नाही, पण सणाला, पाहुणा आला की एक वाडगा सावकाश प्यायचा, आणि त्या दिवशी ताटातली भाकरी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवायचा. भुकेने तो आता चिडत नसे, कारण पोटाला रोज जेवण मिळे. अंग हळूहळू उतरलं. पुढच्या पौर्णिमेला तो फळीवर बसला आणि फळी सहज वर गेली. अवसेला त्याने कोणी न सांगता पुन्हा बसून दाखवलं. फळी पुन्हा वर गेली. तेव्हापासून गावात दोनदा जोखायची रीत पडली.

पण डोमा कड्यावर उतरला नाही. रुपीला दुसरा भाऊ नव्हता. दोर होता, कडा होता, हलका झालेला डोमा होता, आणि धरायला हात नव्हते.

त्या वर्षी डोमाच्या धाकट्या बहिणीचा नवरा डोमाकडून शिकून पहिल्यांदाच मोठ्या कपारीत उतरला, आणि रीतीप्रमाणे त्याचा दोर डोमाच्या हाती आला. गडी शिडशिडीत होता. तरीही पहिला हिसका बसला तेव्हा डोमाचे डोळे मिटले. जन्मभर तो दोराच्या खालच्या टोकाला होता. वरच्या टोकाला माणूस किती जड लागतो, ते त्याला त्या दिवशी कळलं. खालून गाणं आलं, आणि डोमाने झील धरली.

संध्याकाळी मध गावात आला. भागीने डोमापुढे वाडगा ठेवला. डोमाने तो उचलला, शेजारी बसलेल्या जान्याकडे वळला, आणि आधी त्याच्या ओठांना लावला, कारण जान्याला आता वाडगा धरता येत नव्हता. मग उरलेली घोटभर स्वतः घेतली. फेसाला मात्र त्याने फुंकर मारली नाही.

म्हणून म्हणतो, सुख घ्यावं, पण त्याचं वजन आपणच खरं जोखावं. आपण न जोखलेला भार शेवटी आपल्या माणसाच्या हातांवर येतो.