गुण्या कोण तपासणार?

एकदा एक मुलगी, सांगितलेले काम रद्द करायला एका वृद्ध सुताराकडे आली. केतकी तिचे नाव. विद्यापीठात गणित शिकत होती, पहिल्याच वर्षाला. पुस्तके ठेवायला तिने लाकडी मांडणी सांगून ठेवली होती.

"तात्या, मांडणी नको. गणित सोडतेय मी. विषय बदलायचा अर्ज आज पाचच्या आत द्यायचाय."

तात्यांनी रंधा बाजूला ठेवला. "बारावीला तर पेढे वाटत आली होतीस."

"तेव्हा उत्तर काढायचं असायचं. आता उत्तर आधीच देतात आणि म्हणतात, सिद्ध करा. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेल्या गोष्टीवर मी तीन दिवस घालवले. शेवटी लिहिलं, 'हे उघड आहे.' सरांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, 'कोणाला?' आणि शून्य दिलं."

"प्रश्न बरा विचारलाय," तात्या म्हणाले.

मग त्यांनी खुंटीवरचा गुण्या, म्हणजे काटकोन आखायचे अवजार, काढला, फळीच्या सरळ कडेला टेकवून एका ठिपक्यापासून उभी रेघ ओढली. तोच गुण्या पालथा केला आणि त्याच ठिपक्यापासून दुसरी रेघ ओढली. फळी मात्र कापली नाही.

"हे काय करताय?"

"गुण्या तपासतोय."

"गुण्यानं फळी तपासतात ना?"

"आणि गुण्या कोण तपासणार? काटकोन खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. रोज सकाळी हेच करतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला उद्योग नाही. पोरी, शाळेत तुझ्या हातात दुसऱ्यानं तपासलेला गुण्या होता. म्हणून भराभर फळ्या कापल्यास. आता तुला गुण्याच तपासायला बसवलंय. या कामात दिवस जातो आणि एक फळीही कापून होत नाही. तुझा हात गेलेला नाही, काम बदललंय."

केतकी फळीवर वाकली. आज रेघा वरच्या टोकाला फाकल्या होत्या.

"काल पडला हातातून," तात्या म्हणाले. "दोन सूत अंतर आहे. म्हणजे गुण्या एक सूत चुकलाय."

"निम्माच का?"

"वडील सांगायचे, निम्मा धरायचा. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मीही विचारलं नाही."

"सोपं आहे, तात्या. हे तर उघड..." ती थांबली. मग म्हणाली, "पेन्सिल द्या जरा."

जवळ दुसरा कागद नव्हता. तिने अर्ज पालथा केला आणि लिहिले, 'समजा, गुण्याचा कोन काटकोनाहून थोडा मोठा आहे.' तात्या शेजारी बसले. कुठे अडले की विचारत, "हे कशावरून?" ती खोडून पुन्हा मागे जाई.

ढलप्यांवरचे ऊन भिंतीवर चढले, तेव्हा ते म्हणाले, "हा कागद तुला पाचच्या आत द्यायचा होता ना?"

"आता कसा देऊ? मागची बाजू भरली की."

तात्या गुण्या घेऊन उठले. "मग मांडणी उद्यापासून. आधी याला सरळ करतो."