लामणदिव्यावरचा राघू

विषय : राजवाड्यातील काळवंडलेले पितळ घासण्यास परवानगी मिळणेबाबत.
अर्जदार : ठकूबाई, भांडी घासणारी.

एका राज्यात राजाचा दरारा मोठा, पण त्याहून मोठा राजमांत्रिक धूम्रसेनाचा. ठकूबाईचा नवरा सोनबा भर दरबारात बोलून गेला, की पितळ मंत्राने उजळत नाही, मनगटाने उजळते. धूम्रसेनाने त्याचा पितळी राघू केला, लामणदिव्यावर बसवला आणि वाड्यातले सारे पितळ शापाने काळे केले. राघू बोलत असे. पण काळिमा चोचीपर्यंत चढला की तो कायमचा मुका होणार होता.

ठकूने रीतसर अर्ज केला. प्रधान म्हणाले, विचार करू. त्यांनी तीन महिने विचार केला. काळिमा राघूच्या गळ्यापर्यंत आला, तेव्हा ठकूने चिंच भिजत घातली.

पहिल्या दिवशी तिने समई घासली. सकाळी ती पुन्हा काळी. दुसऱ्या दिवशी घंगाळ, तेही काळे. तिसऱ्या दिवशी चिंच, मीठ आणि राख घेऊन तिने लामणदिवा खाली उतरवला. घासून, धुऊन झाल्यावर राघू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ठके, घरी भांडं धुतल्यावर काय करतेस?"

"कोरडं पुसते. नाहीतर डाग पडतात."

"मग इथं?"

"इथं दासीचं फडकं लागायचं नाही. ओलंच ठेवायचं, अशी आज्ञा आहे."

"कुणाची?"

ठकूने भिंतीवरची आज्ञा पाहिली. खाली धूम्रसेनाची मोहोर होती. शाप त्या ओलाव्यातच मुक्कामाला होता.

तिने कमरेचा पदर सोडला. धूम्रसेन दारात उभा ठाकला.

"पदर लागला, तर तुझी घागर करीन."

"करा. मग ती घासायला कोण आहे तुमच्याकडे?"

मांत्रिक विचारात पडला. त्याला विचाराची सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. तेवढ्यात ठकूने दिवा लख्ख पुसला. राघूच्या जागी सोनबा उभा राहिला, आणि वाड्यातला सारा काळिमा आपल्या मालकाच्या तोंडावर परत गेला. धूम्रसेन अजून तोंड धुतो आहे.

राजाने घंगाळात आपला चेहरा पाहिला आणि राज्य पूर्ववत झाल्याचे जाहीर केले.

परवानगीचा अर्ज प्रधानांकडे विचाराधीन आहे.