कोष्टिणीची जागा

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक कोष्टी राहत होता. त्याच्या मागावरची पांढरी धोतरं पंचक्रोशीत नावाजलेली. पण त्याचा जीव अडकला होता चावडीवर. पंचांत बसायचं, एवढी एकच हौस, आणि तीच काही केल्या पुरी होत नव्हती.

एकदा राजाने दवंडी पिटवली. प्रत्येक गावच्या पंचांत एक बाई बसेल. गावातल्या पोरापोरींना कोणता उद्योग हवा ते ती सांगेल आणि तो शिकवायला राजा कारागीर धाडेल.

गावाने निवडलं कोणाला? कोष्ट्याच्याच बायकोला.

झालं, कोष्ट्याच्या पोटात दुखायला लागलं. कोणी दारात येऊन "कोष्टीणबाई आहेत का?" असं विचारलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. चावडीचे उंबरे झिजवले मी आणि मान मिळाला हिला, असं तो मागावर बसून पुटपुटत राही.

बायको मात्र घरोघर फिरून आली. "पोरांना रंगकाम शिकायचंय," ती म्हणाली. "कापड आपण विणायचं आणि नफा परगावच्या रंगाऱ्यांनी खायचा, हे किती दिवस? आपली लेकही तेच म्हणते."

"असू दे," कोष्टी म्हणाला. "पूजेत तू माझ्या हाताला हात लावतेस, पाणी मी सोडतो आणि पुण्य दोघांना मिळतं. तसंच करू. तू मागे बसून हात लाव. बोलेन मी."

चावडीवर त्याने हे सांगताच पंचांनी माना डोलावल्या, त्यांनाही तेच सोयीचं होतं. बायकोचा नाइलाज झाला. "बोला तुम्ही," ती म्हणाली, "पण पोरांच्या मनातलं बोला."

राजाचे प्रधान आले. "सांगा, पोरांना काय हवं?"

रंगकाम हा शब्द कोष्ट्याच्या ओठांवर आला होता. पण तो बोलावा, तर गाव म्हणणार, कोष्टिणीने काम आणलं. त्याने तो गिळला आणि म्हणाला, "गावाला दगडी वेस बांधून द्या. पोरं तिच्यावर पहारा करतील."

बायकोने मागून त्याचं कोपर दाबलं. त्याने हात झटकला.

वेस उभी राहिली. पण ज्या गावात चोर फिरकत नाही, तिथे पहारा कसला? राजाने पहारा काढून घेतला. राजाने धाडलेले रंगारी शेजारच्या गावाने मागून घेतले होते. एकेक पोर त्याच वेशीतून तिकडे निघून गेलं. शेवटी कोष्ट्याची लेकही बोचकं घेऊन निघाली.

वेशीत थांबून तिने विचारलं, "बाबा, आईने माझं म्हणणं तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

कोष्टी खाली बघत राहिला. "तिचं नाव झालं असतं," तो कसाबसा म्हणाला.

 लेक वाकून पाया पडली आणि गेली.

वर्षाने प्रधान पुन्हा आले. पंचांनी सवयीने कोष्ट्याला पुढे बोलावलं. त्याने बायकोला पुढे बसवलं, आपण मागे बसला आणि तिच्या हाताला हात लावला.

"बोल," तो म्हणाला. "लेकीच्या मनातलं बोल."

तात्पर्य: बाईला मानाची जागा देऊन तिचं तोंड बंद ठेवलं, तर पाय पोरांच्या पोटावर पडतो.