धार लाव

टप्.

भर दुपारी सगळं कुंडेगव्हाण गपगार पडलेलं असताना सरूबाई परटिणीच्या घरात तेवढाच आवाज झाला. तिच्या पाच वर्षांच्या गेनूच्या पायांमधल्या परातीत एक थेंब पडला होता. तांबूस. मग पुन्हा काही नाही. लेकरू ओठ चावत उभं, ओटीपोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. कालपासून त्याची लघवी तुंबली होती.

त्या काळी सोमगीर महाराज या गावाबाहेर, आटलेल्या झऱ्याच्या कपारीत राहत. कपारीत एक पिंड होती. सरूबाई दर सोमवारी तांब्याभर पाणी नेई आणि पिंडीवर धार लावी. येता-जाता लोक हसत, "धुणं उरकलं, आता दगड धुवायला निघाली!" सगळ्यांत मोठ्याने हसत ते अंताजी वैद्य.

आज तेच अंताजी तिच्या ओट्यावर बसले होते.

"मूतखडा आहे, सरू. तोंडाशी येऊन अडकलाय. चिरून काढल्याशिवाय सुटका नाही. उशीर केलास तर पोर हातचं जाईल."

"आणि चिरल्यावर?"

वैद्यबुवा पातं पुसत राहिले. "काही वाचतात."

सरूबाईने गेनूला खांद्यावर घेतलं, भरलेला तांब्या उचलला. "महाराजांना विचारते, वैद्यबुवा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"विचार, विचार! तो जोगडा काय फुंकर मारून खडा उडवणार?" असं म्हणत अंताजीही पिशवी घेऊन तिच्यामागे निघाले.

कपारीत शिरताच ऊन मागे तुटून पडल्यासारखं झालं. आत विलक्षण गारवा. महाराज डोळे मिटून बसले होते. सरूबाईने कण्हणाऱ्या लेकराला त्यांच्यापुढे निजवलं. महाराज डोळे न उघडताच म्हणाले, "धार लाव."

अंताजी खो खो हसले. "ऐकलंस ना, बये? तुझ्या महाराजांनीही मलाच कौल दिला! पात्याला धार लाव म्हणताहेत." आणि तिथेच बसून ते पिशवीतल्या निसण्याच्या दगडावर पातं घासू लागले.

त्या खरखरीने गेनूने आईचा पदर घट्ट धरला. महाराज नक्की कुणाला बोलले? सरूबाईला कळेना. पण तिला दुसरी धार ठाऊकच कुठे होती! तिने तांब्या पिंडीवर कलता केला.

भाविकहो, पाण्याची बारीक धार पिंडीवर पडली मात्र, आणि पात्याची खरखर बंद झाली. अंताजींचा हात चालूच होता. आवाज येत नव्हता. तांब्या रिता व्हायला हवा होता, तो जड लागू लागला. धार पिंडीवर पडे, पण खाली थेंबही ओघळेना. मग खडकाच्या पोटातून पाणी खळखळलं. झरा आटून किती पिढ्या गेल्या होत्या! तो आवाज सरकत सरकत जवळ आला, गेनूच्या पाठीखालच्या दगडापर्यंत.

गेनू कण्हायचा थांबला. कण्हणं थांबलं नाही.

सरूबाईने मान वळवली. महाराज कण्हत होते, गेनूच्याच आवाजात. चेहरा राखेसारखा, हात ओटीपोटावर गच्च दाबलेला.

तेवढ्यात लेकराची धार सुटली! दगडावर खट्कन काही वाजलं. चिंचोक्याएवढा, काटेरी खडा. मागोमाग लालसर, मग पिवळं, मग नितळ. सरूबाई रडत होती, हसत होती. पोराची लघवी कुठल्या आईने अशी डोळे भरून पाहिली असेल!

"एवढा खडा त्या वाटेने उतरूच शकत नाही," अंताजी पुटपुटले. त्यांनी पात्यावर बोट फिरवलं. इतकं घासूनही ते बोथटच होतं.

"अंताजी," महाराज दमल्या आवाजात म्हणाले, "तुमची विद्या खोटी नाही. पण मागच्या खेपेला चिरलेलं पोर दगावल्यापासून तुमचा हात कापतो. तो झाकायला तुम्ही हसता."

हे अंताजींनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. पातं खाली ठेवून त्यांनी महाराजांच्या पायांवर कपाळ टेकवलं. "चुकलो, महाराज!" उठताना त्यांनी सरूबाईलाही हात जोडले.

महाराजांनी एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. दुसरा अजून ओटीपोटावरच होता. पदरात गुंडाळलेला गेनू त्या हाताकडे टक लावून पाहत होता.

"आई," त्याने हळूच विचारलं, "आता महाराजांना शू होईल ना गं?"